डिग्री: हो किंवा नाही

९ ऑक्टोबर

कंपनीने शाखा बंद केली त्या दिवशी प्रत्येकाने जाताना काही ना काही उचललं. कोणी टेबलफॅन, कोणी चहाची किटली. मी सर्व्हिस रजिस्टरची ही कोरी वही उचलली. एकोणीस वर्षं अशाच वह्यांमध्ये लिहीत आले: मशीन नंबर, तक्रार, कारण, उपाय, सही. आता मशीन नाही, तक्रार तेवढी आहे.

घरी बसून नववा दिवस. बसून म्हणायचं आपलं. सकाळपासून मिक्सर उघडला, इस्त्रीची वायर बदलली, बाथरूमचा नळ खोलला. नळ गळत नव्हता. तरी खोलला.

डायलिसिसची मशीन दुरुस्त करणारी बाई, एवढीच माझी ओळख. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीन धुऊन देतं, आणि मशीन अडलं की मला बोलावतात. बोलवायचे.

बायोडेटा ह्यांनी करून दिला. नवरा पुस्तकांची मांडणी करणारा असल्यावर बाहेर कशाला जायचं? चार दिवस लागले. दोन उभे रकाने, मधे केसासारखी करडी रेघ, वर गोलात माझा फोटो. फोनच्या आकड्याशेजारी इवलासा फोन, पत्त्याशेजारी इवलंसं घर. डाव्या रकान्यात काम, उजव्या रकान्यात मी. प्रिंट हातात देताना म्हणाले, "कागद बघूनच खुर्ची पुढे करतील." हल्ली ह्यांच्याकडे काम कमीच येतं. बऱ्याच दिवसांनी त्यांना असं मान वाकडी करून एखाद्या पानाकडे बघताना पाहिलं.

१२ ऑक्टोबर

अकरा ठिकाणी पाठवला. पहिलं उत्तर चार मिनिटांत. "आपल्या अनुभवाचा सखोल विचार करून कळवण्यात येते की..." चार मिनिटांत आमचं मशीन नीट गरमसुद्धा होत नाही. यांनी एकोणीस वर्षांचा सखोल विचार केला.

असेल कोणी भराभर वाचणारा.

१५ ऑक्टोबर

आज एका कंपनीच्या साइटवर अर्ज. आधी बायोडेटा चढवायचा, मग तेच सगळं परत चौकटींमध्ये. काही चौकटी आपोआप भरल्या जातात. नावाच्या चौकटीत आलं "संपर्क". एकूण अनुभव: शून्य. त्यांच्या साइटचा घोळ. दुरुस्त करत बसले तर पान उडालं. वैतागून तसंच पाठवलं.

सहा मिनिटांत उत्तर. "प्रिय संपर्क, ..."

हसू आवरेना. जेवताना ह्यांना नि सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं नाव आहे की. निदान कोणी संपर्कात तरी राहील." ह्यांना हसू आलं नाही. विचारलं, "नावाच्या जागी संपर्क? नक्की? आणि अनुभव शून्य?" मी म्हटलं, अहो, साइटच तसली. ते ताट तसंच ठेवून उठले. पोट ठीक नाही म्हणाले.

१६ ऑक्टोबर

हे दिवसभर कॉम्प्युटरवर. प्रेसचं काम आलंय म्हणे. मी खोलीत गेले की पान बदलतात. आता माझ्यापासून काय लपवायचंय यांना, देव जाणे. मला अर्ज करायचे असतात, कॉम्प्युटर एकच. दोन शब्द जास्त बोलून गेले.

२१ ऑक्टोबर

सत्तावीस अर्ज. एकोणीस नकार, आठ ठिकाणी शांतता. नकार परवडला, शांततेला काय म्हणायचं? मशीन बंद पडलं तर निदान लाल दिवा लागतो.

शेजारच्यांचा पंखा आणून दुरुस्त केला. त्यांनी दिला नव्हता, मीच मागून आणला. सासूबाई म्हणाल्या, "आता या घरात बिघडलेलं असं मीच उरलेय. मला खोलू नकोस म्हणजे झालं."

रिक्षात, बसमध्ये, कुणाचाही फोन वाजला की हात खिशाकडे जातो.

२४ ऑक्टोबर

लंबू भेटला. आमच्याच शाखेतला, माझ्या हाताखाली शिकलेला, आता लिफ्टच्या कंपनीत लागलाय. म्हणाला, "ताई, बायोडेटा दाखवा." त्याने लॅपटॉपवर उघडला, कसलीशी युक्ती करून नुसता मजकूर वेगळा काढला. "हे बघा, तुमचा कागद माणूस नाही, आधी मशीन वाचतं. आणि त्याला असं दिसतं."

दोन रकाने त्याला कळतच नाहीत. ते डावीकडून उजवीकडे आडवं वाचत जातं. "ब्लड पंपची दुरुस्ती विवाहित." "पाण्याच्या प्लांटची देखभाल आणि पोहणे." नाव फोटोच्या गोलात होतं, म्हणजे नव्हतंच. पहिला शब्द जो सापडला तो "संपर्क".

लंबू हसत होता. मीही हसले. मग एकदम हसू थांबलं. ह्यांची ती करडी रेघ.

"साधं लिहा ताई. एकाखाली एक. फोटो नको, चित्रं नकोत, रेघा नकोत. जितकं कुरूप तितकं बरं. आणि स्वतःला तंत्रज्ञ म्हणवू नका, ते इंजिनीयर शोधतं."

"मी इंजिनीयर नाही."

"मलाही माहितीय. त्याला कुठे माहितीय?"

२५ ऑक्टोबर

साधा केला. एकाखाली एक. किराणा दुकानाची यादी दिसते. "बायोमेडिकल इंजिनीयरिंगच्या कामात तंत्रज्ञ" असं लिहिलं, म्हणजे त्याचा शब्दही आला आणि मी खोटीही पडले नाही.

ह्यांना काय सांगू? चार दिवस खपून केलेलं. सांगितलं तर काहीच म्हणणार नाहीत, तेच तर अवघड. फाइल "मिक्सर" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. तिकडे ते कशाला जातील?

२९ ऑक्टोबर

आज फाइल उघडली तर "कॅलिब्रेशन" हा शब्द सगळीकडे बरोबर दिसला. मला वाटत होतं चार ठिकाणी मी तो चुकीचा टाइप केला आहे, आज दुरुस्त करू. तारखाही सगळ्या एकाच पद्धतीने, आधी महिना मग वर्ष. मीच केलं असणार. हल्ली काय केलं आणि काय नाही, लक्षात राहत नाही.

ह्यांचा चष्मा की-बोर्डवर पडला होता. उचलून ठेवला, नाहीतर घरभर शोधत बसले असते.

३ नोव्हेंबर

फरक पडला! नकार येतो, पण दोन तासांनी येतो. एक तर दुसऱ्या दिवशी आला. एखाद्याने निदान कूस बदलावी तसं वाटलं. एक फोनही आला, पण ती बाई दुसऱ्या गावाला राहायला याल का म्हणाली. सासूबाईंना टाकून कशी जाऊ?

५ नोव्हेंबर

मोठी कंपनी, मशीन बनवणारीच. आपल्या गावात सर्व्हिस सेंटर. जागा वरिष्ठ तंत्रज्ञाची. वाचताना वाटलं माझ्याकडे बघूनच लिहिलीय. सगळं भरलं. शेवटच्या पानावर एक प्रश्न: "आपल्याकडे अभियांत्रिकीची डिग्री आहे का?" खाली दोनच गोल. हो. नाही.

माझा डिप्लोमा. तिसरा गोल नाही. "नाही, पण" असा गोल नाही.

या आधी तीन ठिकाणी हा प्रश्न आला, मी "नाही" भरलं, तीनही वेळा दहा मिनिटांच्या आत निकाल. तेव्हा लक्षात आलं नव्हतं. बिघाड शोधायची हीच रीत असते: तोच दिवा केव्हा केव्हा लागतो ते बघायचं.

पान उघडंच ठेवून उठले. भांडी घासली. घासलेली परत घासली. ह्यांना विचारलं.

"कोण विचारतंय?" हे म्हणाले.

"कोणी नाही. मशीन."

"मग कळ 'हो' वर दाब. माणसापर्यंत पोचलीस की माणसाला खरं सांग."

हे असं बोलतील वाटलं नव्हतं. एका चुकलेल्या वेलांटीसाठी छापलेलं पुस्तक थांबवणारा माणूस. म्हटलं, "तुम्ही सांगताय हे?" तर म्हणाले, "तुला तिथवर पोचवायचं होतं मला. ते तर जमलं नाही." काय म्हणायचं होतं कोण जाणे.

६ नोव्हेंबर

हो केलं.

११ नोव्हेंबर

मुलाखतीला बोलावणं आलं होतं. आज जाऊन आले. सविस्तर लिहिते, नाहीतर डोक्यातच फिरत राहील.

सर्व्हिस सेंटरचा प्रमुख पस्तिशीचा असेल. टेबलावर उघडं सर्किट, बोटांना ग्रीस. म्हणजे आपल्यातला. त्याने माझा कागद बघितला नाही, सरळ विचारलं, "एका हॉस्पिटलात आठ मशीन. रोज सकाळच्या पहिल्या पाळीला त्यातली तीन क्षारांचं प्रमाण चुकलं म्हणून अलार्म देतात. दुपारी सगळी ठणठणीत. महिनाभर आमची माणसं पार्ट बदलताहेत. काय कराल?"

"आदल्या दिवशी शेवटची पाळी कोणाची असते?"

तो थांबला. "म्हणजे?"

"तीच तीन मशीन शेवटी चालत असतील. घरी जायची घाई असते, आम्लाचं धुणं अर्ध्यावर सोडत असतील. नळीत क्षार बसतात. सकाळी पहिलं पाणी ते सोबत घेऊन येतं. दुपारपर्यंत धुऊन निघतात."

तो उठला, बाहेर जाऊन फोन केला. पाचेक मिनिटांनी परत आला तो चहा घेऊन. "धुणं अर्ध्यावर सोडतात. सिस्टर कबूल झाल्या." मग आम्ही तासभर बोललो. कुठलं मॉडेल खोलायला त्रास देतं, कुठला स्क्रू मुद्दाम उलटा बसवलाय, सगळं. किती दिवसांनी कोणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं.

शेवटी म्हणाला, "सोमवारपासून या. तेवढं डिग्रीचं सर्टिफिकेट ऑफिसात दाखवा."

मी सांगितलं. डिग्री नाही, डिप्लोमा आहे. हो वर कळ मी दाबली. तुमच्यापर्यंत यायला दुसरा रस्ता नव्हता.

तो पेन फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही 'नाही' लिहिलं असतंत तर तुम्ही मला दिसलाच नसतात. आणि 'हो' लिहिलंत म्हणून मी तुम्हाला घेऊ शकत नाही."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"तेच शोधतोय," तो म्हणाला. "सापडत नाहीये."

दारापर्यंत सोडायला आला. चांगला माणूस. ऑफिसातल्या बाईंनी माझ्यासमोरच काहीतरी टाइप केलं. खोटी माहिती दिल्याची नोंद; दोन वर्षं या कंपनीत अर्ज करता येणार नाही. आत प्रमुखाच्या टेबलावर माझा अर्धा चहा तसाच राहिला होता.

१२ नोव्हेंबर

काही नाही.

१३ नोव्हेंबर

ह्यांना काल सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक माझी."

मी म्हटलं, तुम्ही फक्त सल्ला दिलात, कळ मी दाबली.

"तेवढंच नाही गं. सुरुवातीपासून माझीच."

मला रागच आला. दुःख माझं, आणि यातही हेच पुढे. म्हटलं, प्रत्येक गोष्टीत तुमचा हात नसतो. नंतर बघते तर त्यांच्या टेबलामागे भिंतीवर लावलेला माझ्या बायोडेटाचा तो देखणा प्रिंट जागेवर नव्हता. भिंत रंगवायचीय म्हणाले. मला तर भिंत बरी दिसते.

१९ नोव्हेंबर

घरात थांबवत नाही. बसस्टॉपपर्यंत जाते, बस आली की परत फिरते. आज तीन वेळा. तिसऱ्यांदा ड्रायव्हरने विचारलं, "यायचंय का?" मी नाही म्हटलं. त्याने दार लावलं. सरळ साधा प्रश्न, आणि माझं उत्तर ऐकून घ्यायला समोर माणूस होता, एवढंच बरं वाटलं.

सासूबाईंच्या रेडिओचं बटण मी परवा "घट्ट" केलं होतं. आता फिरतच नाही. एकच स्टेशन लागतं. त्या काही बोलल्या नाहीत, तेच स्टेशन ऐकताहेत.

२४ नोव्हेंबर

सकाळी सातला मोठ्या सिस्टरांचा फोन. ज्या हॉस्पिटलची मशीन मी एकोणीस वर्षं बघितली, तिथल्या डायलिसिस वॉर्डाच्या त्या प्रमुख. नव्या कंपनीला काम गेल्यापासून बोलणं नव्हतं.

"अगं, रांगेतली शेवटची चार मशीन पाणी कमी म्हणून अडलीत. नवे लोक परवा येतो म्हणतात. चार पेशंट खुर्चीत बसून आहेत. एक जण तर शुक्रवारचंही चुकवून आलाय, सुजलाय सगळा. परवापर्यंत नाही निघायचा तो."

"सिस्टर, मला हात लावायचा अधिकार नाही आता."

"हात कोण लाव म्हणतंय? मला भेटायला ये."

बसस्टॉपवर उभी राहिले. बस आली. चढले.

वॉर्डात शिरले आणि तो वास आला, आम्लाचा नि डेटॉलचा. पाय आपोआप भिंतीकडे वळले. पाण्याची नळी प्लांटपासून निघते, भिंतीमागून आठही मशीनना शिवून परत जाते. पहिली चार ठीक, शेवटची चार कोरडी, म्हणजे गोची मधेच. चालत गेले, कान लावत. चौथ्या मशीनमागे नवं कपाट ठेवलेलं. "हे कधी आलं?" "शनिवारी." कपाट सरकवलं तर मागचा व्हॉल्व्ह कपाटाच्या कडेने ढकलला जाऊन अर्ध्याहून जास्त बंद झालेला.

मी हात मागे बांधून उभी राहिले. म्हटलं, सिस्टर, हा दांडा नळीच्या रेषेत आणा. त्यांनी आणला. एकामागून एक चार हिरवे दिवे. सुजलेला म्हातारा म्हणाला, "बाई, तुम्ही कुठे गेला होतात?" जसं काही मी चहाला गेले होते.

विभागाचे प्रमुख डॉक्टर दारात उभे होते. एकोणीस वर्षं मला "मशीनवाल्या बाई" म्हणून हाक मारत आले, नाव त्यांना माहीत नाही. म्हणाले, "हल्ली असता कुठे?"

"घरी."

"घरी? अहो, आमच्या स्वतःच्या तंत्रज्ञांच्या तीन जागा सात महिने रिकाम्या आहेत. कोणी अर्जच करत नाही."

ती जाहिरात मी बघितली होती. पहिल्याच ओळीत डिग्री, म्हणून पुढे वाचली नव्हती. तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "छे. मंजुरीच्या पत्रात डिप्लोमा आणि दहा वर्षांचा अनुभवही चालेल असं आहे, मीच मागून घेतलंय ते. उद्या या. माझ्यासमोर बसून भरा."

२५ नोव्हेंबर

डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्याच कॉम्प्युटरवर अर्ज भरला. सिस्टर काहीतरी निमित्त काढून येऊन बसलेल्या. शेवटचा प्रश्न तोच. डिग्री आहे का? हो. नाही.

मी डॉक्टरांकडे बघितलं. "खरं तेच भरा," ते म्हणाले. "मी आहे ना."

"नाही" भरलं. पाठवलं. डॉक्टरांनी चहा मागवला. चहा यायच्या आत माझा मोबाइल वाजला. मी वाचलं आणि त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं. "आपल्या अर्जाचा विचार करून खेदाने कळवत आहे..." खाली त्यांचं नाव, हुद्दा, विभाग. स्कॅन केलेली सही.

"मी हे लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

सिस्टरांनी मोबाइल स्वतःकडे ओढून वाचलं.

"मी इथे बसलोय. तुमच्यासमोर बसलोय. मी हे लिहिलं नाही."

"हो डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या, "आम्ही बघतोय."

त्यांनी कर्मचारी विभागातल्या बाईंना वर बोलावलं. त्या बिचाऱ्या धावत आल्या. "अशी किती पत्रं गेली माझ्या सहीने?" डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी कॉम्प्युटरवर काही बघितलं, खाली मान घालून म्हणाल्या, "यांचं धरून दोनशे बारा. जाहिरात चढवताना डिग्रीला एकच टिक करता येते. डिप्लोमाचं वेगळं लिहायला जागा नव्हती. नंतर करू म्हटलं, राहून गेलं. 'नाही' उत्तर आलं की ते आपोआप पत्र पाठवतं. तुमच्या टेबलापर्यंत येतच नाही."

"आणि मी सात महिने म्हणतोय कोणी अर्ज करत नाही."

डॉक्टर खिडकीकडे जाऊन उभे राहिले. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा रागही आला. दोनशे अकरा घरांमध्ये या माणसाचं नाव घेऊन काय काय बोललं गेलं असेल. मी नाही का त्या सगळ्या साहेबांना शिव्या घातल्या, ज्यांच्या सह्या होत्या?

"यांचा अर्ज आत घ्या," डॉक्टर बाईंना म्हणाले. "बाकीचं बघू सवडीने."

मी मान डोलावली. तेव्हा सुचलं नाही.

२७ नोव्हेंबर

चैन पडत नाही. आता तर पडायला हवी. मुलाखत सोमवारी, डॉक्टर, सिस्टर आणि बाहेरचा एक जण घेणार.

माझा अर्ज उचलला गेला, कारण मी समोर उभी होते. बाकीच्या दोनशे अकरा जणांच्या वॉर्डात कपाट सरकलं नाही, एवढाच फरक. त्यात माझ्यापेक्षा बरे असतीलच. सगळे उघडले तर मी त्यांच्या रांगेत. न उघडले तर एकटीच.

ह्यांना म्हटलं, गप्प बसले तर काय बिघडतं?

"काही नाही बिघडत," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुला झोप लागली तर."

"तुम्हाला लागते?"

"मला महिनाभर लागली नाही," म्हणाले आणि सासूबाईंचा रेडिओ खोलायला घेतला. ह्यांना स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही. मी काढून घेतला.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, सगळे अर्ज उघडा, मग माझी मुलाखत घ्या. ते म्हणाले, "तुमचं नुकसान होईल." म्हटलं, होऊ दे. ते म्हणाले, "सोमवारची मुलाखत सोमवारीच होईल, वॉर्ड थांबू शकत नाही. पण उरलेल्या दोन जागांसाठी सगळे अर्ज वाचले जातील. शब्द देतो. वाचणार कोण, ते मात्र मला माहीत नाही. आमच्याकडे मशीन कळणारं कोणी नाही."

२ डिसेंबर

नेमणूक झाली. सासूबाईंनी कपाळावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुटले."

ह्यांनी नेमणुकीचं पत्र हातात घेतलं आणि मान वाकडी करून बघत राहिले. "समास फार कमी सोडलाय," म्हणाले.

९ डिसेंबर

सकाळी वॉर्ड, दुपारी अर्ज. डॉक्टरांनी वाचायला मलाच बसवलं, मुलाखती ते घेतील. कर्मचारी विभागाच्या बाईंनी सगळे कागदावर काढून दिले. दोन गठ्ठे. स्क्रीनवर नको म्हटलं मी.

काय काय माणसं आहेत. एक्स-रे मशीन बोटीवरून बेटांवर नेऊन बसवणारा. इनक्यूबेटर दुरुस्त करणारी एक मुलगी, डिप्लोमाला पहिली आलेली. तिला तीन मिनिटांत पत्र गेलेलं. कोणी बायोडेटावर फोटो लावलाय, कोणी रेघा मारल्यात, कोणाचं सगळं आडवं-तिडवं. वाचायला वेळ लागतो. लागू दे. काल एका जागेवरून तीन तास उठले नाही, असं सिस्टर म्हणाल्या. मला कळलंही नाही.

आज पहिला फोन लावला. छपन्न वर्षांचे गृहस्थ. चोवीस वर्षं पाण्याच्या प्लांटवर, त्यातली शेवटची नऊ डायलिसिसच्या. पाच महिन्यांपूर्वीचा अर्ज, चार मिनिटांत नकार.

"कोण बोलतंय?" आवाज कोरडा.

हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तुमच्या अर्जाबद्दल, म्हटलं.

"नकार आला मला. सहीनिशी. आणि बाई, असे फोन फार येतात. नोकरी लागलीय, आधी फी भरा. मी भरणार नाही."

"फी नाही. मला एक विचारायचं होतं. तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलंय की उन्हाळ्यात विहिरीचं पाणी बदललं तेव्हा तुम्ही चव घेऊन ओळखलंत, मीटरच्या आधी दोन दिवस. ते कसं?"

मी ते पान समोर ओढलं.

"दुसरं पान?" ते म्हणाले.

"हो. तिसऱ्या पानावर तुम्ही फिल्टर धुवायची जी रीत लिहिलीय, तीही मला समजून घ्यायची आहे. पण आधी ते चवीचं."

"तुम्ही वाचलंत?"

"वाचलं. माझ्यासमोर आहे आत्ता."

ते म्हणाले, "जरा थांबा हं, मी बाहेर येतो. इथे फार आवाज आहे, नीट ऐकू येत नाही."

मला तर मागे कसलाच आवाज येत नव्हता. पण असेल म्हटलं, आणि फोन कानाशी धरून थांबले.